पियानोखालची जागा

१

पियानोचा सूर रंगनाथच्या कानावर पडला तो नंतर. त्याआधी त्याने ऐकला तो पियानोच्या लाकडाचा आवाज. पत्र्यावर बाजरी सांडावी तसा भरभर, हलका, आणि मध्येच अडखळून पुन्हा मागच्या जागेवरून सुरू होणारा.

चौऱ्याहत्तर सालचा हिवाळा होता. तो त्याच दिवशी निफाडकडून देवळालीला आला होता. हातात पत्र्याची पेटी आणि खांद्यावर चार वर्षांची विमल. विमलची आई साळूबाई काविळीने गेली त्याला वर्षही झालं नव्हतं. भावांच्या संसारात बापलेकीची अडगळ व्हायला लागली होती. इथे लाम रोडला खोरशेदबाई नावाच्या एका पारशी बाईंच्या बंगल्यावर माळी हवा होता, राखणीलाही तोच. राहायला मागच्या बाजूला खोली. रंगनाथला तेवढं पुरे होतं.

दुपारची जेवणं झाली, बंगला चिडीचूप झाला आणि तो मागच्या पायरीवर बसला असताना आवाज सुरू झाला. घुशी म्हणाव्यात तर दिवसाढवळ्या. सुतार म्हणावा तर करवत नाही, हातोडी नाही. त्याने खिडकीतून डोकावलं. मोठ्या खोलीत तीन पायांचं, काळं, चकचकीत असं काहीतरी बैलगाडीएवढं उभं होतं. त्याच्या मिटलेल्या झाकणावर एक बारकुळ्या बाई डोळे मिटून दहाही बोटं नाचवत होत्या. मान डुलत होती. सूर एकही नव्हता.

तो घाबरून स्वयंपाकघरात आला. स्वयंपाक करणारी विठाबाई तांदूळ निवडत होती. तिला हसू आवरेना. "येडी नाय रे भाऊ ती. शेजारी सॅनेटोरियम हाय, तिथली आजारी माणसं दुपारची निजतात. म्हणून मुकं वाजवते. सांजच्याला ऐक, मग कान धरून पळशील."

संध्याकाळी त्याने ऐकलं. तो पळाला नाही. विमलला मांडीवर घेऊन अंधार पडेपर्यंत बसून राहिला. पण एवढं त्याला पहिल्याच दिवशी दिसलं की खोरशेदबाईंचा डावा हात मोकळा फिरतो आणि उजवा जरा मागून येतो, पाय दुखावलेल्या बैलासारखा. थोडं वाजवलं की त्या उजवं कोपर डाव्या हाताने धरून बसत.

२

रंगनाथचा बाप गावच्या तालमीत पैलवानांची अंगं रगडायचा. पोर असताना रंगनाथही तेच शिकला. शाळा दुसरीत सुटली, हे मात्र हातात राहिलं. शीर कुठून निघते, कुठे आखडते, अंगठा हाडावर न नेता हाडाच्या कडेकडेने कसा न्यायचा, हे त्याला सांगावं लागत नसे. आणखी एक गोष्ट बापाने शिकवली होती. रगडून झालं की दोन्ही तळवे तालमीच्या लाल मातीत दाबायचे, आतला जडपणा उतरेपर्यंत. दुसऱ्याचं दुखणं मातीला द्यायचं, नाहीतर ते ज्याचं त्याला परत जाऊ द्यायचं. मध्ये कुठे ठेवून द्यायची ती वस्तू नाही. बाप हे देवाधर्माचं म्हणून सांगत नसे. कुदळ वापरली की धुऊन ठेव म्हणावं, त्याच आवाजात सांगायचा.

पावसाळ्यात एकदा बाईंच्या हातून चहाचा कप गळून पडला. बोटांना पकड राहिली नव्हती. रंगनाथने फरशी पुसली आणि मान खाली घालूनच विचारलं, हात चोळून देऊ का. बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाल्या, हाड मोडलंस तर पोलिसात देईन हां. विठाबाईने मागून भर घातली की पैलवानाची मांडी निराळी आणि हे चिपाड निराळं, जरा बेतानं.

त्याने ओवा घालून तिळाचं तेल कोमट केलं. बाई पियानोशेजारच्या वेताच्या खुर्चीत बसल्या, तो खाली पाटावर. त्यांच्या हातात त्याला गाठी लागल्या. कोपराच्या खाली, बाहेरच्या अंगाला, तीन एका रांगेत आणि चौथी जरा बाजूला, मनगटाकडे कललेली. चाळीस वर्षांच्या वाजवण्याने बसलेल्या गाठी त्या. तो हळूहळू त्यांच्या कडा मऊ करत राहिला. थोड्या वेळाने वर पाहिलं तर बाईंची मान कलली होती आणि तोंड लहान मुलासारखं उघडं पडलं होतं. ठणक्याने त्यांना रात्रीची झोप नव्हती हे सगळ्या बंगल्याला ठाऊक होतं.

आता उठून बागेत जायचं होतं. पण त्या खोलीचं दार फरशीला घासायचं आणि त्याचा कर्कश आवाज निघायचा. सुताराने दोनदा तासून दिलं तरी पाऊस पडला की पुन्हा फुगायचं. दार उघडलं असतं तर बाई जाग्या झाल्या असत्या. रंगनाथ जड झालेले तळवे मांडीवर उताणे ठेवून बसून राहिला. त्याची नजर पियानोखाली गेली. वरून आरशासारखं चकाकणारं ते धूड खालून मात्र कच्च्या फळीचं होतं. पॉलिश नाही, काही नाही. लाकूडही मातीतूनच येतं, असं त्याच्या मनात आलं. आणि तेल लागलं तर लाकडाचं भलंच होतं.

त्याने पाटावरूनच हात लांब केले, सुरांच्या पट्ट्या जिथे असतात त्याच्या बरोबर खाली दोन्ही तळवे दाबले आणि जडपणा उतरेपर्यंत धरून ठेवले. हात हलके झाले. बाई झोपल्या होत्या.

मग ते रोजचंच झालं.

३

दोन-तीन वर्षांत बाईंचा हात सुधारला. आधी कप धरता आला, मग किल्ल्या, मग एका संध्याकाळी त्यांनी न थांबता इतकं वाजवलं की शेजारच्या सॅनेटोरियममधली माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली. बाईंना पंख फुटले, असं विठाबाई म्हणाली. शिकायला येणाऱ्या मुलीही वाढल्या. कॅम्पातल्या लष्करी साहेबांच्या, दुकानदारांच्या. गाठी विरघळल्या तरी बाईंनी चोळून घेणं सोडलं नाही. त्या वेळची झोप त्यांना गोड लागे.

देवळालीला तोफांचा सराव चालतो. डोंगरापलीकडे तोफ उडाली की काचा थरथरतात, भांडी किणकिणतात आणि पियानोच्या पोटातल्या तारा आपोआप हुंकार देतात. पहिल्यांदा रंगनाथ दचकला होता. नंतर पियानोतून काहीही ऐकू आलं तरी तो म्हणायचा, तोफ असेल.

एका दुपारी त्याने तळवे फळीला लावले आणि फळी कोमट लागली. आपलेच तेलाचे हात, असं म्हणून त्याने सोडून दिलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो खोली झाडायला गेला. पडदे ओढलेले, फरशी थंडगार, जानेवारीची कडाक्याची थंडी. झाडू बाजूला ठेवून त्याने उगाच खाली हात घातला. पांघरुणात झोपलेल्या पोराच्या पाठीसारखी ऊब होती तिथे. तेवढ्याच जागेत. वीतभर इकडे लाकूड गार, वीतभर तिकडे गार.

त्याने हात काढून धोतराला पुसला. रात्री बाईंनी शेगडी ठेवली असेल खोलीत. त्याने विठाबाईला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती.

४

एका कॅप्टनसाहेबांची मुलगी होती, गोरीपान, हसरी. तिचा उजवा हात दुखायला लागला. वेणी घालता येईना. ती यायची बंद झाली. मग दुकानदाराची मुलगी. मग शाळेत शिकवणारी एक तरुण बाई होती, तिने तर हात गळ्यात बांधूनच निरोप घेतला.

त्यात नवल नव्हतं. खोरशेदबाईंची शिकवण्याची तऱ्हाच कडक होती. जुना भोकाचा पैसा मुलीच्या पंज्यावर ठेवायच्या आणि तो पडू न देता बोटं चालवायला लावायच्या. पैसा पडला की पहिल्यापासून. मनगट लोखंडासारखं धरून मुली तासभर तेच तेच वाजवत. कॅम्पातल्या डॉक्टरांनी बाईंच्या तोंडावर सांगितलं की हे दुखणं पियानो वाजवणाऱ्यांना होतंच, शिरा सुजतात, त्यांना विसावा हवा. आणि तुमचा तो पैसा फेकून द्या. बाई डॉक्टरांवर आठवडाभर रागावल्या. आजकालच्या मुलींना लोण्याचे हात असतात म्हणाल्या.

रंगनाथला डॉक्टरांचं पटलं. पटवून घेतलं म्हणा. फक्त एक गोष्ट त्याने कुणाला सांगितली नाही. शाळेतली ती बाई निघताना फाटकाशी थांबली होती, त्याने टांगा बोलावून दिला होता. कुठे दुखतं म्हणून त्याने विचारलं, तेव्हा तिने कोपराखाली बोट टेकवलं, मग जरा खाली, मग आणखी खाली, आणि चौथ्यांदा जरा बाजूला, मनगटाकडे.

५

विमल पियानो शिकली ती धूळ पुसता पुसता. फडकं पट्ट्यांवरून फिरवताना तिने एकदा बाईंची आदल्या दिवशीची चाल जशीच्या तशी वाजवली. बाई आतून आल्या ते हातात अर्धं सोललेलं संत्रं घेऊनच. पोरीला बाकावर बसवलं आणि मग सोडलं नाही.

रंगनाथने हे कधी मनातही आणलं नव्हतं. पोरगी शाळा शिकेल, लग्न होईल, नाहीतर गावाकडे द्राक्षाच्या बागेत मजुरीला जाईल, एवढीच त्याची धाव. पण विमल सोळा वर्षांची झाली तेव्हा बाईंनी त्याला समोर उभं करून सांगितलं. विलायतेहून परीक्षा घ्यायला साहेब येतात, मुंबईला, वर्षातून एकदा. त्यांच्यापुढे विमल पास झाली की पाचगणीच्या एका निवासी शाळेत बाईंची मैत्रीण तिला लहान मुलींना शिकवायला ठेवून घेणार. राहणं, जेवण, पुढचं शिक्षण, सगळं तिथेच. जागा यंदाच रिकामी होती. पुढच्या वर्षी नसणार.

त्या रात्री बापलेकीला दोघांनाही जेवण गेलं नाही. हसूच येत होतं.

परीक्षेला दोन महिने उरले आणि विमलच्या हातून पाण्याचा तांब्या निसटला.

तो तिला खोलीच्या दारात बसवून हात चोळायला लागला. कोपराखाली अंगठा गेला आणि थांबला. एक, दोन, तीन. आणि चौथी बाजूला.

गवळ्याला आपली म्हैस शंभरात ओळखू येते, तसंच हे. सोळा वर्षांच्या कोवळ्या हातात नवी गाठ असती तर ती ओल्या सुपारीसारखी असती. या गाठी जुन्या होत्या. त्यांच्या कडा झिजलेल्या होत्या. त्या झिजवणारा अंगठा त्याचाच होता.

"नाना, काय झालं? थांबलात का?" विमल म्हणाली.

तो म्हणाला, काही नाही, तेल गार झालं.

६

तो तिचा हात रोज चोळायचा आणि तळवे बागेत मातीला लावायचा. संध्याकाळी हात मोकळा व्हायचा. दुसऱ्या दिवशी ती पियानोवरून उठली की गाठी पुन्हा जागच्या जागी, आदल्या दिवसापेक्षा खोल. डॉक्टरांकडेही नेलं. महिनाभर पियानोला शिवायचं नाही, असं ते म्हणाले. विमल घरी येताच जाऊन वाजवायला बसली.

बाई अग्यारीत गेल्या होत्या, विमल त्यांच्या सोबतीला, विठाबाई बाजारात. अशा एका दुपारी रंगनाथने डोक्याचं मुंडासं काढून ठेवलं आणि तो पियानोखाली उताणा आडवा झाला.

खाली बरंच ऐसपैस होतं. जाड तुळया, त्यांच्यामध्ये पसरलेली फळी, कोळ्याचं जाळं. माणसाच्या हाताने केलेली एक वस्तू, दुसरं काही नाही. त्याला स्वतःचीच लाज वाटली. तेलाने काळवंडलेली ती जागा डोळ्यांसमोरच होती. आपण इतक्या वर्षांत तिथे कधी पाहिलंच नव्हतं, नुसता अंदाजाने हात घातला होता, हे त्याच्या लक्षात आलं. डाग पंज्यांच्या आकाराचा असायला हवा होता. तो लांब होता. एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळता होत पट्ट्यांच्या दिशेने वर गेलेला.

त्याने अंगठा टेकवला. ऊब होती. अंगठा कडेकडेने पुढे नेला. तीन गाठी, एका रांगेत.

लाकडात गाठी असतातच, असं त्याने मनाशी म्हटलं. बाभळीत असतात, सागात असतात. चिकटवताना सरस गोळा होऊन राहतो. त्याने जरा जोर दिला.

लाकडातली गाठ जागची हलत नाही. ही अंगठ्याखालून सरकली, दुखरी शीर सरकते तशी. आणि झोपेतल्या माणसाला कळ लागली की तो हात आखडून घेतो, तसं काहीतरी त्या फळीत आखडलं. त्याच क्षणी वर, मिटलेल्या झाकणाच्या आत, एक पट्टी खाली दबली. सूर आला नाही. नुसतं दबल्याचं कळलं.

तो बाहेर सरपटला. गुडघे फरशीला सोलले. अंगणात येऊन उभा राहिला आणि तोफेचा आवाज येईल म्हणून वाट पाहत राहिला. त्या दिवशी तोफा नव्हत्या. रविवार होता.

  भीतीने त्याचं डोकं चालेनासं झालं होतं. विमल बाईंबरोबर टांग्यातून उतरली तेव्हा तो तिथेच उन्हात उभा होता.

७

बाईंना सांगायचं ठरवून तो तीनदा गेला आणि तीनदा परत आला. सांगणार काय. शेवटी एवढंच म्हणाला की पोरीचं वाजवणं बंद करा, तिचा हात जाईल.

खोरशेदबाई सत्तरीला आल्या होत्या, पण आवाज खणखणीत होता. "मी चाळीस वरस दुखत्या हाताने वाजवलं रंगनाथ. कोणी मेलं नाय. आता बघ, हात कसा छे माझा." त्यांनी उजवा पंजा त्याच्यासमोर उघडला आणि मिटला. तरण्या पोरीसारखा हात. एकही शीर वर नाही. "पोरगी मोठी होते तर बाप आडवा येतो. शरम वाटायला पाहिजे नी."

विमलने भिंतीआडून ऐकलं होतं. रात्री तिने भाकरी त्याच्यासमोर ठेवली आणि खाली मान घालून म्हणाली, नाना, एवढं एकच माझं आहे, ते तरी नका घेऊ. त्यानंतर ती त्याला हातही चोळू देईना.

मग त्याने ठरवलं की जिथे ठेवलं तिथूनच काढायचं.

रोज दुपारी, बाई आपल्या खोलीत निजल्या की तो तेलाची वाटी घेऊन खाली शिरायचा. पैलवानाचा हात रगडावा तसाच कोपरापासून सुरुवात करायचा. पहिल्या दिवशी त्याला कोपर सापडलं. नंतर मनगट. मनगटाच्या पुढे त्याने अंगठा नेला नाही. भरलेले हात घेऊन बागेत जायचा, गुडघ्यावर बसायचा, तळवे मातीत दाबायचा. माती थंड असायची, ओली असायची, पण हात हलके होत नसत. त्याने जागा बदलून पाहिली. गुलाबांच्या आळ्यात, आंब्याच्या बुंध्याशी, कुंपणापलीकडे. हात तसेच. इतक्या वर्षांचं साचलेलं माती घेत नव्हती. त्याच्या स्वतःच्या कोपरांत ठणका उतरू लागला. खुरपं धरवेना. विठाबाई म्हणाली, "काय रं भाऊ, तू बी पियानो शिकाया लागलास का काय?" आणि त्याचा चेहरा पाहून पुढचं हसणं तिने गिळलं.

पण विमलच्या हातात तांब्या पुन्हा नीट राहू लागला होता. ते त्याने चोरून पाहिलं होतं.

८

मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी बाईंनी विमलला सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवून दाखवायला सांगितलं. परीक्षेसारखं. काही झालं तरी मध्ये थांबायचं नाही, मागे पाहायचं नाही. बाई स्वतः व्हरांड्यात आरामखुर्चीत बसून ऐकणार होत्या.

रंगनाथ आधीच खाली होता. विमल आली, तिला त्याचे पाय दिसले. काय करताय म्हणून तिने विचारलं. पियानोच्या पायांना वाळवी लागलीय का बघतो, असं तो म्हणाला. ती बाकावर बसली. तिच्या निळ्या चपला त्याच्या खांद्यापाशी आल्या.

सूर सुरू झाला आणि फळीतलं ते जागं झालं. त्याला ते तळहाताखाली स्पष्ट कळलं. इतके दिवस ते निपचित पडलेलं असे. आता ते पट्ट्यांच्या दिशेने ताणत होतं, वरच्या बोटांच्या ओढीने. वर, पोरीच्या हातात जायला. त्याने दोन्ही हातांनी पकडलं. पट्टीच्या पैलवानाचा दंड धरावा तसं, अंगठे आत रुतवून. लाकूड अंगठ्यांना जागा देत होतं.

वर विमल वाजवत होती. असं तिने कधी वाजवलं नव्हतं. उजवा हात पाण्यासारखा धावत होता. रंगनाथला त्यातलं कळत नव्हतं, पण कुठे अडखळलं नाही एवढं कळत होतं, आणि दुखऱ्या दंडांतून कळा निघत असताना त्याचे डोळे भरून आले. एवढंच धरून ठेवायचं. हे संपेपर्यंत. मग परवा परीक्षा, मग पाचगणी, मग ती या लाकडापासून लांब.

तेव्हा त्याच्या मनगटावर काहीतरी आलं.

त्याने पाहिलं नाही. वर पाहिलं असतं तर दिसलं असतं. त्याने नजर विमलच्या चपलांवर ठेवली. कोमट, कोरडं, हलकं असं काहीतरी मनगटावरून कोपराकडे चढलं आणि त्याच्या हातावर कडेकडेने फिरायला लागलं. हाडावर नाही, हाडाच्या कडेने. गाठ शोधत. त्याच्याच पद्धतीने, अंगठा पुढे, चार बोटं मागे. बारा वर्षं रोज रंगनाथने जे केलं ते सगळं फळीतल्या त्याला येत होतं.

त्याची पकड ढिली पडायला लागली. बोटं एकेक करून उलगडत होती, आणि ते थोडं थोडं वर सरकत होतं.

दार फरशीला घासलं. विमल थांबली नाही. तिला तसं सांगितलेलंच होतं. खोरशेदबाईंच्या काळ्या सपाता आत आल्या. एवढं सुरेख वाजवणं ऐकून त्यांना व्हरांड्यात बसून राहवलं नसावं. सपाता बाकाजवळ आल्या, थबकल्या. त्याचे पाय दिसले असावेत. मग बाई एका हाताने पियानोची कड धरून हळूहळू वाकल्या आणि त्यांचं तोंड त्याच्यासमोर आलं.

त्या आधी हसत होत्या. मग त्यांनी त्याचे हात पाहिले. मग त्या हातांवर जे होतं ते पाहिलं.

 त्यांनी बराच वेळ पाहिलं, आणि मग मान वळवून स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं, आणि पुन्हा तिकडे. दुसऱ्या कुणाला ते काय आहे हे ओळखता आलं नसतं. बाईंना आलं. त्यांच्या ओठांचा रंग गेला.

रंगनाथ म्हणाला, "बाई, हे तुमचं आहे." वर सुरांचा नुसता पूर आला होता, त्यातून त्याचा आवाज त्यालाच ऐकू येईना. "एकदा हात लावा, म्हणजे येईल तुमच्याकडे. माझ्याच्यानं धरवत नाही आता. पोरीच्या हातात चाललंय, बाई."

त्यांना ऐकू आलं होतं. त्यांच्या डोळ्यांत त्याला दिसलं. त्यांनी वर पाहिलं, जिथून विमलचे गुडघे आणि परकराची कड दिसत होती. उजवा हात त्यांनी पुढे केला. वीतभर. तो हात त्या काळवंडलेल्या फळीखाली येऊन थांबला. गोरा, गुळगुळीत, एकही शीर वर नसलेला. 

वर, पहिल्यांदाच, विमलचा उजवा हात एक सूर चुकला.

बाईंनी हात मागे घेतला. तो पदरात गुंडाळला, डाव्या हाताने छातीशी धरला, पियानोला न शिवता कशाबशा उभ्या राहिल्या, आणि दाराबाहेर निघून गेल्या.